नवरी बाहेर गेली की

सिग्नेने लग्नाला डीजे सांगितलाच नाही. "आपल्या लग्नात परक्या माणसाने काय म्हणून गाणी लावायची?" म्हणत तिने सगळी गाणी स्वतः निवडली आणि मोबाइल हॉलशेजारच्या खोलीतल्या स्पीकरला जोडून ठेवला. नेमकं जेवणाच्या वेळी गाणं सारखं अडकायला लागलं. दर वेळी झगा सावरत नवरीलाच उठावं लागलं.

आणि नवरी दाराबाहेर गेली, की हॉलमधल्या सगळ्या बायकांनी रांग लावून नवऱ्याचा मुका घ्यायचा, हा डेन्मार्कमधल्या आरहूसच्या लग्नांचा रिवाज.

"बिघडू दे गं तुझं गाणं," इंगर आत्या म्हणाल्या, "माझं अजून मन भरलं नाही."

पुन्हा गाणं सुरू करून सिग्ने परतली आणि गंमत बघत दारातच थांबली. रांगेत मावश्या होत्या, वाढणाऱ्या बायका होत्या, तिची स्वतःची आईसुद्धा होती. नवऱ्याचे, येप्पेचे, गाल लिपस्टिकने लालभडक झाले होते.

फक्त तिची जिवलग मैत्रीण बिर्गिटे खुर्चीतून उठली नव्हती. एरवी कुणाच्याही लग्नात या रांगेत पहिला नंबर तिचाच.

"तुला काय झालं गं?" आत्यांनी तिला कोपराने ढोसलं.

"सर्दी झालीय," बिर्गिटे ताटात बघत म्हणाली.

सकाळी सिग्नेला नटवून तिचे पटापट मुके घेतले, तेव्हा बिर्गिटेला सर्दी नव्हती. येप्पे सगळ्यांकडे बघून हसत होता, ती एक खुर्ची सोडून.

 

गाणं पुन्हा अडकलं. या वेळी सिग्ने दारातून हलली नाही.