जागांची अदलाबदल

खिडकीदादानं डोक्यावरून शाल घेतली आणि सगळं पथक खो खो हसलं. दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढून देणारा हा धिप्पाड कारकून आज आई झाला होता. टॉवेलची गुंडाळी त्यानं छातीशी धरली होती. टेबलामागे, त्याच्या जागी, शिलाईवाली बसली होती.

"हसून घ्या आत्ताच," प्रशिक्षण देणाऱ्या बाई म्हणाल्या. बाईंनी उभा जन्म पहिलीची मुलं शिकवण्यात घालवला होता. दुसऱ्याच्या जागी उभं राहिलं की माणूस शहाणा होतो, यावर त्यांचा भाबडा विश्वास होता. सोमवारपासून हे पथक वस्तीत बैठका घेऊन दवाखान्याबद्दल विचारणार होतं. पुरुषांची बैठक वेगळी, बायकांची वेगळी. बायकांच्या बैठकीत पुरुष नको, दाराशीसुद्धा नको, हे बाईंनी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. सुरुवात पथकातल्याच एकीनं स्वतःवर गुदरलेलं सांगून करायची. मग बाकीच्यांची तोंडं उघडतात.

ही सुरुवात शिलाईवाली करणार होती. तिला दवाखान्याबद्दल एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. प्रशिक्षण सुरू झाल्यापासून ती गप्पच होती. पण खिडकीवर कोण बसणार, असं बाईंनी विचारलं तेव्हा पहिला हात तिचा वर गेला. आपला आवाज फुटतो का, ते तिला सोमवारच्या आधी बघायचं होतं.

"साहेब, बाळ तापानं फणफणलंय हो," खिडकीदादा बारीक आवाज काढून म्हणाला. पुन्हा हशा झाला.

तिनं मान वर केली नाही. "बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"घरात पुरुष नाही?"

"कामावर गेलेत."

"मग जा, घेऊन ये. सही कोण करणार, तू? उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात."

"साहेब, डोळे उघडत नाहीये ते."

"तू जाऊन येईपर्यंत आभाळ कोसळत नाही. चला, मागची कोण?"

हसणं कधी थांबलं, कुणाला कळलं नाही. खिडकीदादा खोलीला एक फेरी मारून धापा टाकत परत आला. आता त्याचा आवाजही बारीक राहिला नव्हता. "आणलं यांना, साहेब. कुठं करायची सही?"

शिलाईवालीनं टेबलावरून वाकून गुंडाळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता सही नको," ती म्हणाली. "आता केसपेपर लागत नाही."

खिडकीदादा मटकन खाली बसला आणि खरोखरच रडला. बायकांनी डोळे पुसले. बाईंनीही चष्मा काढला.

"काय वाटलं, दादा?" त्यांनी विचारलं.

शिलाईवाली त्याच्याकडेच बघत होती.

"काय सांगू, बाई. असला माणूस खिडकीवर ठेवतातच कसा?" त्यानं शालीच्या टोकानं नाक पुसलं आणि तिच्याकडे वळला. "ताई, हे तुम्हाला सुचलं कुठून?"

"ऐकलं होतं."

"असतात हो अशी माणसं. कुठल्या तरी लांबच्या दवाखान्यात ऐकलं असेल." तो मनापासून हळहळत होता. तिनं खिडकीवरून म्हटलेलं ते बोलणं त्यानं स्वतःच इतक्या जणींना ऐकवलं होतं, की त्यातली एकही त्याला आठवत नव्हती.

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी पुढे सरकल्या. "बाई, नियम आहे, कबूल. पण सोमवारी दादांना आमच्यातच बसवा. आईचा जीव यांना कळलाय. आमच्या घरच्यांना जन्मात कळायचा नाही."

बाकीच्या जणींनी माना डोलावल्या. बाई थोड्या घुटमळल्या. मग ज्याला धडा समजला त्या मुलाकडे बघावं, तसं त्यांनी खिडकीदादाकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "एवढ्यापुरता मोडू नियम. प्रश्न दादाच विचारतील आणि पहिलं उत्तर शिलाईवाल्या ताई देतील. एकदा करून दाखवा बघू."

खिडकीदादानं शाल घडी करून ठेवली. शिकवल्याप्रमाणे तो अगदी समोर बसला नाही, जरा बाजूला, तिच्याहून खाली, सतरंजीवर बसला. आवाज मऊ केला.

"सांगा, ताई. घाबरायचं नाही. आपल्या दवाखान्यातून तुम्हाला कधी कुणी परत पाठवलंय?"

साऱ्या जणी तिच्याकडे मायेनं बघत होत्या.

"नाही, दादा," ती म्हणाली. "कधीच नाही."