हजार औषधांची चिप

जालन्याच्या कॉलेजात तीन वर्षं खपून पायलने नखाएवढी एकच चिप बनवली होती. तिच्यातल्या केसाहून बारीक नळ्यांत एका दिवसात हजार औषधं तपासता येणार होती. कुठल्याच गोळीला दाद न देणाऱ्या क्षयाच्या अकरा रुग्णांचे नमुने त्यासाठीच थांबले होते. नळीत धुळीचा कण गेला तरी चिप बाद. म्हणून उद्घाटनाच्या पाहुण्यांना तिने प्रयोगशाळेच्या काचेबाहेरच थोपवलं, हात जोडून वाटेला लावलं आणि सुटकेचा निःश्वास टाकत ती आत आली.

तिचे मार्गदर्शक वायाळ सर रुमालाला बोट पुसत होते.


"पायल, पाहुण्यांच्या गडबडीत पूजाच राहून गेल्ती बघ. चिपला हळदीकुंकू लावलंय, बराबर मधोमध. कर आता जल्दी सुरू!"