पूर्ण वेगावर

"यातल्या कुठल्याचा आवाज जास्त?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

दुकानदार गोंधळला. हवा शुद्ध करणारं मशीन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नेहमी कमी आवाजाचं मागतं. हा गडी उलटंच विचारत होता.

"हे मोठं. जाळी दाट आहे, काजळी पकडते. आत कोळशाचा थर आहे, तो वास शोषून घेतो. तुमच्या खोलीला पुरून उरेल. पण पूर्ण वेगावर टाकलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, साहेब. त्यापेक्षा हे..."

"मोठंच द्या. आणि खिडक्या?"

"बंदच हव्यात. फटींना रबरी पट्ट्या लावा. नाहीतर धूर येतच राहणार."

"ऐकलंस?" नवरा तिला म्हणाला. तिच्या दंडावरची त्याची पकड घट्ट झाली. गेल्या आठवड्याचं काळंनिळं नेमकं तिथेच होतं. ती ओठ दाबून उभी राहिली.

"नशीबवान आहात, ताई," दुकानदार म्हणाला. "बायकोची एवढी काळजी कोण करतं?"

दमा तिला खरोखरच होता. समोरच्या कारखान्याची धुरांडी दिवसभर धूर ओकत. पुसलेली खिडकी तासाभरात काळी होई. असं मशीन घ्या म्हणून डॉक्टरांनी वर्षभर बजावलं, नवऱ्याने कानाआड केलं. मग गेल्या आठवड्यात त्याने तिला कपाटावर आपटलं. आरसा फुटला. खालच्या मजल्यावरच्या काकू काठी टेकत वर आल्या आणि दार बडवू लागल्या. "पुन्हा हा धिंगाणा ऐकला तर पोलीस बोलावीन," असं त्यांनी चार माणसांत सुनावलं. दुसऱ्याच दिवशी त्याला बायकोच्या दम्याची आठवण झाली.

धिंगाणा म्हणजे त्याच्या शिव्या आणि वस्तूंची आदळआपट. ती कधी ओरडलीच नव्हती. पहिला फटका बसला की तिचा श्वास अडके. घशातून नुसती शिट्टी निघे.

मशीन आलं. पट्ट्या त्याने स्वतः चिकटवल्या, एकेक फट अंगठ्याने दाबून. नंतर काही दिवस तो तिच्या वाटेला गेला नाही. मशीन मंद घुमत राहिलं. तिला उशांचा ढीग न लावता झोप लागली. जिना चढताना मध्ये टेकावं लागेना.

मग एका संध्याकाळी तो कामावरून साहेबाच्या शिव्या खाऊन आला. त्याने दाराला कडी घातली. मशीन पूर्ण वेगावर टाकलं. खोली घरघरू लागली. त्याने कमरेचा पट्टा सोडला.

"बोलव आता तुझ्या काकूला!" तिच्या कानाशी तोंड नेऊन तो खेकसला.

पट्टा पाठीवर बसला. मग मानेवर. त्याने तिचे केस धरून तोंड भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. ती श्वास अडकण्याची वाट पाहत होती.

श्वास अडकला नाही.

तिने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. दात आत रुतले. तो किंचाळला, केस सुटले. ती मशीनकडे धावली, दोन्ही हातांनी ते उचललं आणि वायरीसकट खिडकीवर फेकलं. काचेचा चुरा झाला. घरघर थांबली. मशीन खाली आवारातल्या फरशीवर जाऊन फुटलं. काचांनी भरलेली चौकट तिने तळव्यांत धरली आणि ती ओरडली. तो मागून ओढत होता, लाथा घालत होता. तिने चौकट सोडली नाही. ओरडणंही थांबवलं नाही.

दार मोडून माणसं आत घुसली. दोघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. झटापटीत त्याचं नाक फुटलं होतं.

मागून काकू धापा टाकत आल्या. तिचे चिरलेले हात हातांत घेऊन त्या बघतच राहिल्या.

"अगं, तू होतीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कोणी वेगळीच बाई ओरडतेय. इतक्या वर्षांत तुझा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता."