फार्मसीची तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षेत सरांनी डोळे मिटून दोन सारख्या बाटल्या हातात घेतल्या. “मी आंधळा. सकाळच्या गोळ्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या, कसं ओळखू?” समोर बसलेली विद्यार्थिनी पटकन म्हणाली, “लेबल वाचा ना!” बाहेरची मुलं खो-खो हसली. सरांनी नापास केलं. वर्ष गेलंच, वर ‘लेबलवाली’ नाव चिकटलं. कितीतरी दिवस ती सरांच्या नावानं बोटं मोडत होती. पुढे तिचं औषधांचं दुकान झालं, केस पिकले. परवा सुनेचा हात धरून सर आले. नजर गेली होती. “सून कामाला जाते, दिवसभर एकटाच असतो, बाई. गोळ्यांची अदलाबदल झाली, तर जिवावर बेतेल.” तिनं सकाळच्या बाटलीला रबरबँड गुंडाळून दोन्ही बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. सरांनी बोटं फिरवली. “वा! कुणी शिकवलं?” “तुम्हीच, सर,” ती म्हणाली, “नापास करून.” सरांचा चेहरा उजळला. “अगं, लेबलवाली!”