आडवे सिनेमे, उभ्या नद्या

“आडवे शब्द सगळे सिनेमाचे आणि उभे सगळे नद्या-डोंगरांचे? हे दोन्ही येणारा वाचक आणायचा कुठून?” सकाळच्या अंकातल्या शब्दकोड्यावर बोट आपटत संपादकांनी विचारलं.

कोडं रचणारी मान खाली घालून म्हणाली, “सर, चार दिवस झाले, आईबाबांचा अबोला चाललाय. आईला सिनेमातलं सगळं येतं, बाबांना भूगोल. आणि घरात पेपर एकच येतो.”

“म्हणजे पेपर काय तुमच्या घरासाठी काढतो आपण?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून आई कडाडली, “अगं, समजाव तुझ्या बाबांना! एवढी गाजलेली नटी, आणि हे तिचं नाव लिहू देत नाहीत!”

मागून बाबांचा आवाज आला, “त्या चौकोनात माझी नदी आहे, मी खोडणार नाही! आणि तू फोन कशाला केलास तिला?”

“मग तुम्ही ऐकता का माझं?”

दोघंही एकमेकांना बोलू देईनात. ती डोळे पुसत हसत सुटली.

संपादक उठले. केबिनचं दार लावून घेत हळूच म्हणाले, “उद्या आडवं क्रिकेट आणि उभ्या टीव्ही मालिका जमतील का? आमच्याकडे आज सहावा दिवस आहे.”