पहिली टाळी

बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळात, दिवाळीच्या कार्यक्रमात, कस्तुरी एका आधुनिक जपानी संगीतकाराची पियानोरचना वाजवत होती. त्या रचनेच्या ऐन मध्यावर एक लांबलचक शांतता आहे. कस्तुरीने पट्ट्यांवरून हात उचलले, श्वास रोखला, आणि पहिल्या रांगेतून तिच्या बाबांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागोमाग अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला. निवेदिका गुच्छ घेऊन धावत आली. गुच्छाला हातही न लावता कस्तुरी स्टेजवरून उतरली.

गाडीत बसल्यावर तिने दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला.

"बाबा, तो सायलेन्स म्युझिकचाच पार्ट आहे! सहा महिने मी घरी हेच वाजवते. तुम्हाला माहीत नाही?"

"माझ्यावर ओरडू नकोस," बाबाही भडकले. "तुझा पियानो माझ्या डेस्कच्या शेजारी आहे. कधी म्हटलं, बंद कर म्हणून? ऑफिसचे कॉल्स थांबवून ठेवतो मी. रोज, तू अशी हात उचलून थांबेपर्यंत! मग हेडफोन लावतो आणि मीटिंग सुरू करतो."

कस्तुरी त्यांच्याकडे वळली.

"आणि त्याच्यानंतरचं, बाबा?"

बाबांनी किल्ली फिरवता फिरवता हात थांबवला.

"त्याच्यानंतर काही आहे?"