राब भाजणारा बाप

भिवाजीनं भाताच्या रोपासाठी राब पेटवला, तेवढ्यात त्याची लेक जागृती रिक्षातून उतरली. डोक्याला ओढणी, काखेत मुंबईच्या इस्पितळाची फाईल. चोवीस वर्षांची पोर, पण चार पावलांत धाप लागत होती. तरी भिवाजी आज खुशीत होता. केमो संपली होती नि गाठ गेल्याचं सकाळीच फोनवर कळलं होतं.

"मी म्हटलं नव्हतं?" पालापाचोळा नि शेण पसरून भाजत असलेल्या त्या तुकड्याकडे हात करून तो म्हणाला. "भाजलं की तण मरतंच!"

"गाठ गेली, बाबा. पाळीपण गेली."

"येईल गं. जरा दम धर."

"नाय येणार. आतलं सगळं जळलं. मूल होणार नाय, डॉक्टरीणबाई आज सरळ बोलल्या."

भिवाजीनं ऐकलं सगळं. पण गडी भारी हट्टी. "खोपोलीच्या मेडिकलमधला राजेश सांगत होता, त्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या असतात म्हणून. नायतर ती स्टेम सेलची सुई. इचारलंस का?"

"इचारलं. गोळ्यांचा भरवसा नाय. सुईचे अजून प्रयोगच चाललेत."

"असं कसं? अगं, भाजलेल्या जागेतच भाताचं रोप जोमात येतं. चाळीस वर्सं राब भाजतोय मी!"

जागृती बांधावर टेकली. "राब भाजताना बियाणं कुठं असतं, बाबा?"

"कुठं म्हंजे? घरात, कणगीत. जमीन निवल्याबिगर कोण येडा..." तो बोलता बोलता थांबला.

"माझं आतच होतं. जन्मल्यापासून."

धूर तोंडावर आला तरी भिवाजी हलला नाही. मग त्याला त्या शिकलेल्या बाईचा असा संताप आला की बोलायची सोय नाही. "मंग बाईनं तवाच का नाय सांगितलं? आधी काढून ठेवलं असतं की!"

"सांगितलं होतं. केमोच्या आधी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवून ठेवू, म्हणाल्या. कागद पुढं केला, माझी सही मागितली." जागृती खाली बघत होती. "तुमी खो खो हसलात. म्हणालात, पोरीचा काय बर्फाचा गोळा करता? तुमी एवढे हसलात, बाबा, की मलापण हसू आलं."